सासष्टीतला इंग्रज पाद्री

आमच्या घरात वर्षातून एकदा कवळ्याला जाण्याची रीत आहे. कणकवलीहून पहाटे निघाले की दुपारच्या आरतीला शांतादुर्गेसमोर उभे राहता येते. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, "आपण इथले, मग आपली देवी गोव्यात कशी?" वडील म्हणाले, "ती तरी कुठे कवळ्याची? तिचे मूळ गाव केळशी. फिरंग्यांच्या भयाने नदी ओलांडून आली." पुढे पन्नाशीला टेकल्यावर मी ख्रिस्तपुराण वाचायला घेतले, तेव्हा हे वाक्य पुन्हा कानात वाजू लागले. कारण केळशी ही जुन्या सासष्टी महालातली, आणि ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे गोव्यातले जवळजवळ सगळे आयुष्य त्याच सासष्टीत गेले.

स्टीफन्स म्हटले की आपल्याला मराठीच्या थोरवीची ती ओवी आठवते. मराठी भाषा दिनी ती व्यासपीठावरून हमखास म्हटली जाते. उरलेल्या दहा हजारांवर ओव्या मात्र सहसा कोणी उघडत नाही, आणि त्या लिहिणारा माणूस कोण होता, हेही कोणी विचारत नाही.

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक पंथाचा माणूस तिथे संशयित ठरत असे. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड हे श्रीमंत गृहस्थ. दोघांनी मिळून रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले होते. पाउंड पकडले गेले आणि त्यांची पुढची तीसेक वर्षे या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात संघात दाखल झाले. थोडक्यात, ज्या माणसाला स्वतःच्या देशात स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करणे अशक्य झाले, तो चार वर्षांनी अशा मुलखात उतरला जिथे त्याच्याच पंथाचे राज्यकर्ते दुसऱ्यांची देवळे पाडत होते. हा विरोधाभास त्यांना कधी बोचला का, याचे उत्तर माझ्या वाचनात कुठेच सापडले नाही.

इथे एक खुलासा करतो. आपल्याकडे झगा घातलेल्या प्रत्येकाला सरसकट 'पाद्री' म्हणतात, पण त्यांच्यात निरनिराळे संघ होते. मठात राहणारे, भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतलेले फ्रान्सिस्कन भिक्षू वेगळे आणि जेझुइट वेगळे. गोव्यात मुलूखही वाटून दिलेले होते. आपल्या बाजूचा बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, तर दक्षिणेकडची सासष्टी जेझुइटांकडे. म्हणून स्टीफन्स म्हापशाकडे न जाता मडगाव-राशोलकडे गेले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिने. वाटेत हिरड्या सुजून अंगातले त्राण जाण्याचा तो दर्यावर्दी रोग पसरला. दीडशेच्या वर माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. त्या काळच्या मानाने हा आकडा कमीच म्हणायचा. पोहोचल्यावर सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि पूर्वेकडे निघणाऱ्या इंग्रजांना उपयोगी पडले.

त्या पत्राच्या शेवटी आपल्या माणसाला हसू येईल असा मजकूर आहे. इथली झाडे किती आणि कसली हे सांगायला सवड नाही, म्हणून एकाच झाडाबद्दल लिहितो असे म्हणून ते माडाचे वर्णन करतात. तेल, माडी, गूळ, शिर्का, दोर, कोळसा, शाकारणीला झावळ्या, बसायला चटया, झाडायला वाडवण, जहाजाला लाकूड. पोय कापून, बांधून तिला मडके कसे लावतात, सकाळ-संध्याकाळ ते कसे उतरवतात आणि भट्टी लावून त्याची कडक दारू कशी काढतात, हे सगळे त्यांनी टिपले आहे. आमच्याकडचा भंडारी आजही यात फारशी दुरुस्ती सुचवणार नाही. सतरा दिवसांत इतके पाहणाऱ्याची नजर तयार होती, एवढे नक्की.

दुसरे पत्र भाऊ रिचर्डला, २४ ऑक्टोबर १५८३ चे. ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापलेच गेले नव्हते. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यात स्टीफन्स लिहितात. आपली बाराखडी आणि जोडाक्षरेही त्यांच्या ध्यानात आली होती. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या नात्याबद्दल ते प्रसिद्ध भाषण केले १७८६ साली. म्हणजे दोनशे तीन वर्षांनंतर. स्टीफन्स यांनी त्यावर सिद्धांत उभारला नाही, पण साम्य त्यांना दिसले होते.

हेच पत्र कुंकळ्ळीचेही आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये रुदोल्फ आक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट क्रूस उभारायला आणि चर्चची जागा पाहायला कुंकळ्ळीत गेले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार मारले. आक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. पत्रात अर्थातच हे पाच जण हुतात्मे आहेत. पण कुंकळ्ळीच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा. १५६७ च्या सुमारास सासष्टीतली देवळे राशोलच्या कप्तानाने सरसकट पाडली होती, आणि पाद्री आले की पाठोपाठ काय येते, हे गावाला ठाऊक होते. हत्येनंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्यांचे स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. ते पाहून मगच ख्रिस्तपुराण वाचावे, असे मी तरी म्हणेन.

त्याच सुमारास राल्फ फिच, न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. त्यांची सुटका करण्यात स्टीफन्स यांनी खटपट केली. ज्या देशाने त्यांना जवळजवळ हाकलले, त्या देशाची ही माणसे, आणि पंथाने बहुधा विरोधी.

आता पुराणाकडे. ते का लिहिले, याची कथा पुराणाच्या आरंभीच येते. पाद्री नवख्रिस्त्यांना धर्मशिक्षण देत असता एक जण विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे पुराण. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातली सर्वांत खरी जागा हीच. पोथ्या काढून घेतलेल्या माणसाची ती तक्रार आहे आणि पाद्रीबाबांनी ती लपवलेली नाही.

पहिले पुराण जगाच्या उत्पत्तीपासून, दुसरे ख्रिस्तचरित्राचे. दोन्ही मिळून १०,९६२ ओव्या. १६१६ साली राशोलला छापले तेव्हा शीर्षक पोर्तुगीज होते आणि लिपी रोमन. रोमन लिपी त्यांच्या आवडीची नव्हे. १६०८ साली संघाच्या रोममधल्या प्रमुखांना त्यांनी कळवले होते की इथल्या लिपीत पुस्तके छापावीत अशी फार इच्छा आहे, पण अक्षरे अवयवी असल्याने सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील, आणि वरिष्ठांच्या आज्ञेशिवाय ते होणार नाही. हे प्रमुख म्हणजे क्लाउदिओ आक्वाविवा, कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फचे काका. देवनागरी साचे काही पडले नाहीत.

भाषेबद्दल पुष्कळ वाद झाले आहेत. कोकणीवाले आणि मराठीवाले दोघेही स्टीफन्सना ओढतात. त्यांचा स्वतःचा निवाडा सरळ आहे. विषय थोर म्हणून ग्रंथ मराठीत, पण लोकांना कळावे म्हणून इथल्या ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळलेले. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी आणि व्याकरण मात्र कोकणीचे. घरात मालवणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटत नाही. आम्ही रोज तेच करतो.

शब्दांची त्यांची निवड पाहण्यासारखी आहे. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' घेतले. एकनाथांचे निधन १५९९ चे, म्हणजे ओवी आणि पुराण यांचा हा ऐन भराचा काळ, आणि श्रोत्याच्या कानाला ओळखीचा शब्द हवा हे त्यांना कळत होते. पण सैतानाला घेतले 'देवचार'. आमच्याकडे देवचार हा गावच्या शिवेचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो, त्याला विडी, नारळ, चपला देतात. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानाला रूढ झाला. विष्णूचे घर ठेवून घेतले आणि शिवेवरचा राखणदार नरकात पाठवला! ही निवड एकट्या स्टीफन्स यांची नव्हे, सगळ्या मिशनऱ्यांचीच होती; परंतु ओवीच्या गोडव्यातून ती घरोघर गेली.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे कोकणी व्याकरण दिओगो रिबेरो यांनी भर घालून सिद्ध केले आणि १६४० मध्ये राशोलला छापले गेले; भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण समजले जाते. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पाद्रीबाबांनी चाळीस वर्षे जे केले, त्याच्या नेमके उलट.

या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांवर आणि म्हणणाऱ्यांच्या गळ्यावर. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते रोमन लिपीत छापले, ते अशाच हाती लिहिलेल्या पोथ्यांवरून. १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत मिळाली. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बरेचदा संस्कृत शब्द आहेत, म्हणून हीच मूळ प्रत असावी असे ॲबट यांचे मत होते. शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत संपादित केलेले पुराण पुण्याला १९५६ साली निघाले. मी वाचतो ती प्रत हीच, एका जुन्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेली. यंदा कवळ्याला जाताना ती पिशवीत होती. परतताना वाट वाकडी करून राशोलला गेलो आणि सेमिनरीच्या पायऱ्यांवर बसून तो पहिला प्रश्न, पुराणे काढून घेतलेल्या माणसाचा, पुन्हा एकदा वाचला.