कष्टकऱ्याला योगासनांची गरज काय?



"आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला आणि कसला योग? खुर्चीत बसून ज्याचं पोट सुटलंय त्यानं करावा." हे वाक्य मी स्वतः कैक वर्षे बोलत आलो आहे. बोलताना थोडी ऐटही वाटायची. २०१५ सालापासून दर वर्षी २१ जूनला योग दिन साजरा होतो, तसा तो आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावरही होतो. त्या दिवशी सतरंजीवर बसायचे, फोटो काढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे, असा माझा नेम. आडसाली लागणीसाठी रान तयार करायचे दिवस, तेव्हा विसरायला निमित्तही चांगले मिळे.

तीन वर्षांपूर्वी ती ऐट उतरली. ट्रॉलीतून युरियाची पोती उतरवत होतो. ४५ किलोचे पोते म्हणजे आपल्याला काही ओझे नव्हे. पण वाकलो, श्वास कोंडला, हिसका दिला आणि कमरेत अशी लचक भरली की जागेवर बसलो. अकरा दिवस खाटेवर. डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तर तोही १६०च्या वर. त्यांनी माझ्या कामाची सगळी चौकशी केली आणि शेवटी विचारले, "मालक, दिवसभरात पुढं किती वेळा वाकता ते कळलं. मागं कधी वाकता?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पडल्या-पडल्या हिशेब केला. बेणे मांडायचे ते पुढे वाकून. भांगलण, वैरण कापणे, पाचट ओढणे, धार काढणे, सगळे पुढे वाकूनच. दारे धरताना खोरे कायम उजव्याच बाजूने चालते, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. म्हणजे कष्ट भरपूर, पण ते त्याच त्या सांध्यांना आणि त्याच बाजूला. काही स्नायू झिजतात आणि काही वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. पुढे वाकून ओझे उचलताना मणक्यांमधल्या गाद्यांवर सर्वात जास्त दाब येतो. कष्ट आणि व्यायाम या दोन गोष्टी मी एक समजत होतो, तिथेच चूक होती.

खरे तर हे ज्ञान आपल्या भागाला परके नाही. कुंडल, किर्लोस्करवाडी हा आजचा ऊसपट्टा पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडूनही घालून घेत. माझे वडील त्याच शाळांतले. म्हातारपणीही ते न्हाणीपुढच्या फरशीवर बारा नमस्कार घालायचे आणि आम्ही पोरे हसायचो. सूर्यनमस्कारात एकदा पुढे वाकायचे, एकदा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि प्रत्येक वाकण्याला श्वासाची जोड. आपल्या रानातल्या कामात त्यातला अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा घरी पुरा करावा लागतो, एवढी साधी गोष्ट साठी उलटल्यावर माझ्या ध्यानात आली.

दुखणे ओसरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने तालुक्याच्या शिबिरात शिकून आलो. शिकवणारे गृहस्थ समंजस होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले ते आसनांनी शरीरात नेमके काय घडते हे यंत्र लावून तपासण्यासाठी. तेव्हा इथेही चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ते मला पटले. माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवत नाहीत, तसेच हे.

माझा रोजचा पाठ फार मोठा नाही. पहाटे परसाकडे जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, घोंगडे अंथरून वीस मिनिटे. पालथे पडून भुजंगासन. त्यात हातांच्या जोराने उठायचे नाही, पाठीच्या जोराने जेवढी छाती वर येईल तेवढीच आणायची. मग अर्धशलभासन, म्हणजे एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलायचा. दोन्ही तीन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-पाच श्वास थांबायचे. मग उताणे होऊन एकेक गुडघा पोटाशी घेऊन पवनमुक्तासन, आणि शेवटी पाच मिनिटे शवासन. सूर्यनमस्कार मी सहा महिन्यांनी सुरू केले, तेही तीनच. पहिल्या आठवड्यात भुजंगासनात माझी छाती चार बोटेसुद्धा उचलत नव्हती. घरातली नातवंडे खदाखदा हसली. मीही माझ्या वडिलांना हसलो होतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

सुगीत वीस मिनिटे मिळत नाहीत. मग ते रानात बसवायचे. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांनी दोरखंड, खुर्च्या, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठर झालेल्या शरीरांनाही आसने करायला लावली. आपल्याकडे ट्रॉलीचा फाळका आहे! कमरेएवढ्या उंचीवर दोन्ही हात ठेवायचे, पाय मागे घेत जायचे आणि पाठ तक्त्यासारखी सरळ लांबवायची. तासभर वाकून काम झाले की बांधावर उभे राहून, हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळू मागे वाकायचे. शेजारचे बघतात, बघू देत. आमच्या वस्तीवर आता चौघे-पाच जण करतात, मात्र एकमेकांकडे पाठ करून!

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण इथे माझी खरी परीक्षा झाली. मी घोंगडे अंथरून बसायचो तेव्हा माझी मंडळी चुलीपुढे किंवा गोठ्यात असायची. एकदा मी तिलाही उपदेश केला, की तुझेही गुडघे धरतात, तूही बस. ती म्हणाली, "बसते की. धार कोण काढणार, तुमचं शवासन?" मी गप्प झालो. हे लिहायला लाज वाटते, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चित्र असेल. तेव्हापासून सकाळची वैरण आणि एका म्हशीची धार माझ्याकडे. त्या वेळेत ती तिचे करते. मांडी घालून बसवत नाही म्हणून खुर्चीवर बसून करते. योग घरात आणायचा तर आधी कामाची वाटणी बदलावी लागते, हे कुठल्या शिबिरात सांगत नाहीत.

ध्यानाचे मात्र मला बरेच दिवस जमले नाही. डोळे मिटले की फडच दिसायचा. तोड लांबलेली, उसाला तुरा आलेला, टोळी आज येते उद्या येते, सोसायटीची तारीख जवळ आलेली. त्यातून आमची विहीर दोघा भावांत, मोटर एक, आणि आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा लाईट तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीवरून आमची कायम कुरबुर. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात धाकट्याने माझ्या पाळीतला तासभर ओढला, असे मला वाटले. रात्री एक वाजता मी हातात खोरे घेऊन त्याच्या दारात उभा होतो. वहिनींनी दार उघडले, माझ्याकडे नाही, खोऱ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी कळले की लाईटच तासभर गेली होती.

त्यानंतर मी नेटाने बसू लागलो. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे, तिथे दहा-दहा दिवस मौन पाळून शिकवतात. मला दहा दिवस सुटता येत नाही. पण श्वास नाकातून आत येतो, बाहेर जातो, तेवढे बघत राहायचे, ही सुरुवात घरीही करता येते. मी एक ते दहा मोजतो. तीनवर आलो की ऊस आठवतो. पुन्हा एकपासून. ज्यांना हे कोरडे वाटते त्यांनी संध्याकाळच्या हरिपाठात मन लावून बसावे, पण मोबाईल घरी ठेवून. माझी जागा विहिरीवरची आहे. स्टार्टरचे बटण दाबायच्या आधी कट्ट्यावर दहा मिनिटे बसतो. बिबट्याच्या भीतीने बॅटरी मात्र चालू ठेवतो, एवढी समाधी अजून लागलेली नाही.

काही गोष्टी जपायला हव्यात. जेवल्यावर तीन-चार तास आसने करू नयेत. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरायचा प्राणायाम व शीर्षासनासारखी उलटी आसने करू नयेत; काचबिंदू असणाऱ्यांनीही उलटी आसने टाळावीत. आतडे उतरण्याचा त्रास असेल, किंवा कमरेपासून पायात मुंग्या व बधिरपणा येत असेल, तर आधी डॉक्टर. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. माझा रक्तदाब आता बरा आहे, पण डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली आहे, थांबवलेली नाही. कंबर पावसाळ्यात अजून कुरकुरते.

आपल्या फडात येणाऱ्या तोडणी मजुरांना मात्र हे शिकवायला जाऊ नये. पहाटेपासून कोयता चालवून डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईला आसन सांगण्याआधी सावली, पिण्याचे पाणी आणि टेकायला जागा देणे आपल्या हातात आहे.

परवा रात्रीची पाळी माझी होती. कट्ट्यावर डोळे मिटून बसलो होतो. धाकटा बांधावरून आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, आकडे मोजून झाले का? लाईट आलीय, करू का मोटर चालू?" मी सातवर होतो. म्हटले, "कर."

— एक सभासद