ध्वनिमुद्रित संभाषणाचे संपादन : पॉडकास्ट-संपादकाचे तंत्र आणि व्यवहार

लिखित मजकुराचे संपादन करणाऱ्यापुढे शब्द सुटे सुटे उभे असतात. दोन शब्दांमधील मोकळी जागा ही लेखनानेच करून दिलेली सोय असल्याने कोठे कापावे, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. ध्वनिमुद्रित बोलण्याच्या संपादकाची स्थिती याच्या अगदी उलट असते. बोलण्याच्या प्रवाहात शब्दांच्या सीमा बहुधा नसतातच. आणि जेथे लहानशी शांतता आढळते तेथे पुष्कळदा शब्दाचा शेवट नसून मध्य असतो. पॉडकास्टच्या संपादनाचे सारे तंत्र या एका अडचणीभोवती उभे आहे.

‘पॉडकास्ट’ ही संज्ञा २००४ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील बेन हॅमर्सली यांच्या लेखात पुढे आली आणि २००५ मध्ये ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ती वर्षाचा शब्द म्हणून निवडली. मराठीतही आता मुलाखती, गप्पा व व्याख्याने या रूपाने प्रसृत होतात, आणि त्यांचे संपादन स्वतंत्रपणे, मोबदला घेऊन करणारा एक लहानसा वर्ग निर्माण झाला आहे. ध्वनिविज्ञानाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यास हे काम उपजीविकेचे साधन होऊ शकते. परंतु भाषाविज्ञानाच्या विभागाने त्याकडे लक्ष द्यावे, याचे कारण एवढेच नाही. संभाषणाच्या अभ्यासासाठी अशा मुद्रणांचा उपयोग करण्याचा मोह आज अनेकांस होतो, आणि त्या मुद्रणांवर संपादकाचा हात किती फिरला आहे हे न जाणता काढलेले निष्कर्ष वक्त्याच्या भाषेविषयीचे न राहता संपादकाच्या अभिरुचीविषयीचे होण्याची भीती असते.

चुंबकीय फितीच्या काळी हे काम अक्षरशः हाताने होत असे. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर या गतीने धावे. हव्या त्या जागी पांढऱ्या पेन्सिलीने खूण करून ती पात्याने तिरकी कापीत आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडीत. कापा तिरका घेण्यात हेतू असा की, एक ध्वनी मावळत असता दुसरा उगवावा आणि सांध्यावर खट्ट असा आवाज येऊ नये. आजची संगणकीय साधने दोन तुकडे काही मिलिसेकंद एकमेकांवर चढवून जे साधतात ते हेच होय. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या अघोष स्पर्शव्यंजनांच्या उच्चारात मुखमार्ग पूर्ण बंद असतो तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. फितीवर हा रोध पावणेचार-चार सेंटिमीटर लांबीचा होई. कापा घेण्यास याहून निर्धोक जागा नाही, हे जुन्या कारागिरांस ध्वनिविज्ञान न शिकताही ठाऊक होते. स्वराच्या मध्यावर घेतलेला कापा कानाला तत्काळ खटकतो. रोधात घेतलेला लपतो.

मात्र रोध ही शांतता असली तरी ती रिकामी जागा नव्हे. ‘पत्ता’ या शब्दातील दीर्घ रोध आखूड केला की, ‘पता’ ऐकू येऊ लागते. स्फोटानंतर येणारा महाप्राणाचा श्वास हा गोंगाट समजून काढून टाकला तर ‘थाट’चे ‘ताट’ होण्यास वेळ लागत नाही. ‘खडा’ आणि ‘कडा’ यांचीही तीच गत. मराठीत अल्पप्राण-महाप्राणाचा भेद अर्थभेदक आहे, इंग्रजीत तो नाही. आणि पॉडकास्ट-संपादनाच्या बहुतेक हस्तपुस्तिका इंग्रजी बोलण्यावर बेतलेल्या आहेत. शांतता आपोआप कापणारी किंवा ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी योजना वापरताना तिची मर्यादा मराठी कानाने तपासून ठरवणे म्हणूनच आवश्यक ठरते. ‘प’, ‘ब’ यांच्या स्फोटाने ध्वनिग्राहकावर हवेचा धक्का बसून उमटणारा ढब्ब आवाज सुमारे ८० ते १०० हर्ट्‌झखालील कंपने गाळली असता बराच कमी होतो, व ‘स’, ‘श’ यांची सीत्कारयुक्त तीव्रता ५ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात दाबता येते. ही सौम्य उपाययोजना आहे. जास्त केली की वक्ता बोबडा वाटतो.

श्वासाविषयी नवशिक्याचा उत्साह आवरावा लागतो. श्वास सगळे काढून टाकले तर बोलणारा माणूस राहत नाही, आणि ऐकणाऱ्याचीच छाती दाटून येते. ते ६ ते १० डेसिबेलने हळू करावेत. वाक्यारंभीचा श्वास तर बहुधा तसाच ठेवावा. कापलेल्या जागी निखळ शांतता न घालता त्याच खोलीचा, कोणी बोलत नसतानाचा आवाज भरावा. यासाठी मुद्रणापूर्वी अर्धा मिनिट सर्वांनी गप्प बसावे, असे संपादकाने आयोजकास सांगून ठेवणे बरे.

दोन वक्त्यांमधील अवकाश हा याहून नाजूक विषय होय. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळ्यांची व्यवस्था मांडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात प्रश्न व उत्तर यांमधील अंतर बहुतांशी शून्य ते २०० मिलिसेकंद इतके अल्प आढळले. त्या दहांत मराठी नव्हती. इतक्या अल्प अवकाशाची सवय असलेल्या कानाला एका सेकंदाचा विलंबही बोलका वाटतो. ‘तुम्ही राजीनामा देणार होता का?’ या प्रश्नानंतर दीड सेकंद थांबून आलेले ‘नाही’ आणि तत्क्षणी आलेले ‘नाही’ ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत. संपादकाने मधली शांतता ‘रटाळ’ म्हणून कापली, तर एकही शब्द न बदलता त्याने साक्ष बदललेली असते. दूरस्थ मुद्रणात प्रत्येक वक्त्याचा आवाज त्याच्याच संगणकावर वेगळा नोंदला जातो व नंतर ते पट जुळवले जातात. तेथे काही विलंब जालाचा असतो, काही माणसाचा. पहिला काढणे योग्य, दुसरा राखणे योग्य. कोणता कोणता हे ओळखण्यास यंत्र उपयोगी पडत नाही.

अडखळण्याच्या शब्दांविषयीही असेच. ‘अं’ हा उद्गार शंभरदा आला तर त्यांतील पुष्कळ काढता येतील. परंतु ‘म्हणजे’ हा शब्द कधी केवळ वेळ काढण्यासाठी येतो, कधी आधीचे विधान दुरुस्त करण्यासाठी, तर कधी स्पष्टीकरणास आरंभ म्हणून. दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणी तो काढला की, दोन विधाने परस्परविरोधी होऊन बसतात. ‘ना’ हा अनेक वक्त्यांच्या बोलण्यात विरामचिन्हासारखा येतो आणि ‘तू येशील ना?’ यात तोच आर्जव करतो. सर्वांत जपावयाचा शब्द ‘म्हणे’ हा होय. ‘त्यांनी पैसे घेतले म्हणे’ या वाक्याचा शेवट सुराच्या उतारात मंद होत जातो, आणि पातळीचा दरवाजा लावणारे साधन तो सहज गिळते. उरते ते ‘त्यांनी पैसे घेतले’. ऐकीव गोष्ट ही वक्त्याची ग्वाही झाली. प्रसंगी अब्रुनुकसानीचा दावा उभा राहावा इतका हा फरक आहे. मराठीत निषेध, संभाव्यता व ऐकीवपणा हे सारे वाक्याच्या शेपटाशी येते (‘नाही’, ‘असावे’, ‘म्हणे’), आणि शेपटाशीच आवाज सर्वांत क्षीण असतो. वाक्यान्त कापण्यापूर्वी तो मोठा करून ऐकावा, हा नियम मराठी संपादकाने अपवादाविना पाळला पाहिजे.

साधनांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ‘ऑडॅसिटी’ हे कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेले आणि २००० पासून उपलब्ध असलेले विनामूल्य साधन आरंभास पुरेसे आहे. अनेक पट असलेल्या कामासाठी ‘रीपर’ अधिक सोयीचे पडते व महागही नाही. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याजवळ ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बुर्स्मा व वेनिंक यांचे ‘प्रात’ असतेच. ते संपादनासाठी नाही. परंतु सांध्यावर काय बिघडले हे वर्णपटात पाहण्यास त्यासारखे दुसरे नाही. खरा खर्च बंदिस्त श्रवणयंत्रावर करावा. अलीकडे बोलण्याचे लेखी रूप तयार करून शब्द खोडला की आवाजही खोडणारी साधने आली आहेत. लांब मुलाखतीचा आराखडा ठरवण्यास ती उत्तम. तथापि लेखी रूपात ना शांतता दिसते, ना सूर, ना ‘म्हणे’चा उतार. यांत्रिक बुद्धीने आवाज ‘स्वच्छ’ करणारी साधने अस्पष्ट भाग अनुमानाने पुन्हा घडवतात; म्हणून त्यांचे फलित मूळ मुद्रणाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. शेवटी श्राव्य पातळी : ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएस, एक एकक इकडेतिकडे, आणि शिखर उणे १ डेसिबेलच्या आत, अशी आहे, युरोपीय नभोवाणीचे २०१० चे प्रमाण उणे २३ हे पॉडकास्टला फार मंद पडते.

व्यवहाराच्या बाजूकडे विद्वज्जन तुच्छतेने पाहतात आणि मग फसतात. पहिला प्रश्न आकारणीच्या एककाचा. तयार झालेल्या भागाच्या मिनिटांवर दर ठरवला तर जितके अधिक कापावे तितका मोबदला घटतो; म्हणजे चांगल्या संपादकास दंड होतो. दर मूळ मुद्रणाच्या मिनिटांवर किंवा प्रत्यक्ष तासांवर ठरवावा. समजा, साठ मिनिटांचे दोन वक्त्यांचे मुद्रण आहे. एकदा पूर्ण ऐकण्यास एक तास, कापण्यास तीन, पातळी जुळवण्यास अर्धा, अंतिम श्रवणास पाऊण : सव्वापाच तास झाले. त्याबद्दल दोन हजार रुपये घेतले तर तासाला चारशेही पडत नाहीत, आणि आयोजकाने तीनदा दुरुस्त्या सांगितल्या तर तेही राहत नाहीत. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, त्यापुढे वेगळा आकार, ही अट आरंभीच लेखी असावी. नव्या आयोजकास पाच मिनिटांचा नमुना करून दाखवावा. पूर्ण भाग फुकट करून दाखवू नये. काही रक्कम आगाऊ घ्यावी. सेवांच्या बाबतीत वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर वस्तु-सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणतः लागत नाही; परदेशस्थ मराठी आयोजकांचे काम असल्यास जाणकाराचा सल्ला घ्यावा.

करारात हक्कांचा उल्लेख हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. पार्श्वसंगीताची परवानगी कोणी मिळवावयाची हेही त्यातच लिहावे. हा भार न बोलता संपादकाच्या गळ्यात पडतो.

मूळ मुद्रण जपण्याची जबाबदारीही स्पष्ट असावी. ४८ हजार हर्ट्‌झ व २४ बिट या दर्जाचे एका ध्वनिग्राहकाचे एक तासाचे असंपीडित मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट जागा घेते. दोन वक्त्यांचे वर्षभराचे साप्ताहिक काम चोपन्न गिगाबाइटच्या आसपास जाते. ही जागा आज स्वस्त आहे. मूळ फाईल, कापण्याच्या नोंदींसह प्रकल्पाची फाईल, आणि अर्थाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कापाची वेळ व कारण सांगणारी एक साधी यादी, एवढे तीन जिन्नस संपादकाने निदान तीन वर्षे ठेवावेत आणि त्याचा आकार देयकात वेगळा दाखवावा. वक्त्याने पुढे ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असा आक्षेप घेतला तर उत्तर देता येते ते यावरूनच. आणि उद्या एखाद्या संशोधकाने मराठी संभाषणातील विरामांचे मोजमाप करावयाचे ठरवले, तर त्याने प्रसृत झालेला भाग न वापरता आयोजकाकडे हेच तीन जिन्नस मागावयास हवेत.