दोन घड्याळांचे भजन

काकतीसारख्या गावी भजनाचे ध्वनिमुद्रण आता घरच्या संगणकावरही करता येते. परंतु गायन संगणकावर व मृदंग दुसऱ्या यंत्रावर मुद्रित केला, तर आरंभी जुळलेले दोन्ही तासाभराने विलग होतात. दोष बिचाऱ्या मृदंगवादकाच्या माथी येतो; वस्तुतः तो यंत्रांतील स्फटिकाच्या घड्याळांचा असतो. दहा लाख ठोक्यांत पन्नासांचा फरक असला, तरी तासात ०.१८ सेकंदांचे अंतर पडते, आणि ठेका ढळल्यासारखा वाटण्यास तेवढे पुरे होते. यावर उपाय असा, की एका यंत्राचे घड्याळ प्रमुख मानून दुसरे यंत्र केबलने त्यास जोडावे व त्याच्याच ठोक्यावर चालवावे. मात्र स्वरच उतरला असेल, तर कारण निराळे. सेकंदास ४८,००० नमुन्यांचे मुद्रण ४४,१०० च्या गतीने वाजले, की काळी दोनमधील पद पांढरी दोनच्याही खाली जाते. तेथे पेटीवाल्यास बोल लावण्यापूर्वी दोन्हीकडचा हा आकडा पाहावा.