सौर रेडिओ स्फोट

सूर्यावरील उद्रेकांच्या वेळी अल्पकाळ व तीव्रतेने होणाऱ्या रेडिओ तरंगांच्या उत्सर्जनास सौर रेडिओ स्फोट म्हणतात. उद्रेकात प्रवेगित झालेले इलेक्ट्रॉन किरीटातून (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ थरातून) जाताना प्रकाशीय दूरदर्शकाला दिसत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे निर्माण होणाऱ्या रेडिओ तरंगांवरून त्यांचा मार्ग व वेग काढता येतो.

किरीट हा मुक्त इलेक्ट्रॉन व आयन यांचा बनलेला आयनद्रायू आहे. त्यातून वेगाने जाणारा इलेक्ट्रॉनांचा झोत त्यात आंदोलने उत्पन्न करतो. आंदोलनांची कंप्रता इलेक्ट्रॉन-घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. दर घ. सेंमी. मध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असल्यास ती सु. ९० मेगॅहर्ट्‌झ असते. पृथ्वीजवळ, जेथे ही संख्या सु. ५ असते, तेथे ती सु. २० किलोहर्ट्‌झ भरते. उत्सर्जित तरंगांची कंप्रता एवढी किंवा हिच्या दुप्पट असते. उंचीनुसार घनता कमी होत असल्याने झोत वर जातो तसतशी ही कंप्रता घटते. घनतेचे उंचीनुसार मान गृहीत धरल्यास घटीच्या त्वरेवरून झोताचा वेग मिळतो.

ब्रिटनमध्ये जे. एस. हे यांनी १९४२ मध्ये लष्करी रडार संचांतील गोंगाटाचा उगम सूर्य असल्याचे ओळखले. ऑस्ट्रेलियात जे. पी. वाइल्ड व एल. एल. मॅक्रेडी यांनी १९५० मध्ये स्फोटांचे तीन प्रकार पाडले. तिसऱ्या प्रकारात कंप्रता काही सेकंदांतच घटते. तो प्रकाशाच्या सु. एक-तृतीयांश वेगाच्या इलेक्ट्रॉनांमुळे उद्‌भवतो. दुसऱ्या प्रकारात घट काही मिनिटे चालते. त्याचे कारण सेकंदाला सु. १,००० किमी. वेगाचे आघात तरंग होत. कलगूरा येथे ३ किमी. व्यासाच्या वर्तुळावर उभारलेल्या ९६ आकाशकांनी १९६७ पासून स्फोटांच्या प्रतिमा मिळविल्या. भारतात गौरीबिदनूर (कर्नाटक) येथील रेडिओ सौरदर्शकाने १९९७ पासून अशी निरीक्षणे केली आहेत. सु. १० मेगॅहर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रतेचे तरंग आयनांबर अडविते. म्हणून झोतांचा पुढील मागोवा १९९४ मध्ये सोडलेल्या विंडसारख्या अवकाशयानांवरून घेतात.

उद्रेकातील शीघ्रगती प्रोटॉन अंतराळवीरांना व उपग्रहांना घातक ठरू शकतात. ऑगस्ट १९७२ मधील प्रचंड कणवर्षाव अपोलो-१६ व अपोलो-१७ या मोहिमांच्या दरम्यान झाला, म्हणून त्या वेळी चंद्रावर कोणी नव्हते. रेडिओ तरंग सु. ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, तर प्रोटॉन त्यांच्यामागून येतात. त्यामुळे स्फोटांवरून पूर्वसूचना मिळू शकते. मात्र हे तरंग इलेक्ट्रॉन व आघात यांचे निदर्शक असून प्रोटॉनांचे प्रमाण त्यांवरून सरळ कळत नाही. शिवाय कण चुंबकीय क्षेत्ररेषांना धरून जात असल्याने प्रत्येक स्फोटातील कण पृथ्वीपर्यंत येतातच असे नाही.