क्रमिका-छेदन

संगणकाच्या आज्ञावलीत क्रमाने मांडलेल्या घटकांमधून हवा तो भाग स्थानांकांच्या साहाय्याने वेगळा काढण्याची क्रिया. पायथॉन (१९९१) या भाषेत तिला ‘स्लाइसिंग’ म्हणतात.

पायथॉनमध्ये स्थानांक शून्यापासून मोजतात आणि छेदाचा आरंभ व अंत चौकटी कंसात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी विभागून लिहितात. आरंभस्थानाचा घटक छेदात येतो, अंतस्थानाचा येत नाही. उदा., १०, २०, ३०, ४०, ५०, ६० या यादीवर [१:४] हा छेद घेतल्यास २०, ३०, ४० हे घटक मिळतात. फोर्ट्रान ७७ मध्ये मात्र (३:५) म्हणजे तिसरे ते पाचवे अशी तीन अक्षरे. तेथे अंतस्थानही धरले जाते. पायथॉनची रीत प्रथमदर्शनी विचित्र वाटली, तरी तीच अधिक सोयीची आहे. तीत दोन स्थानांकांची वजाबाकी हीच छेदाची लांबी असते आणि [:४] व [४:] हे भाग जोडल्यास मूळ यादी जशीच्या तशी मिळते. एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात अशाच कारणांनी या रीतीचा पुरस्कार केला होता.

अस्तित्वात नसलेल्या एकाच स्थानाचा घटक मागितल्यास पायथॉन चूक दाखवते. छेद मर्यादेबाहेर गेल्यास मात्र आहे तेवढाच भाग निमूटपणे देते. त्यामुळे चूक दडून राहू शकते. यादीच्या छेदाने नवी यादी तयार होते. याउलट नमपाय या गणनसंचातील सारणीचा साधा छेद मूळ स्मृतीकडेच निर्देश करतो. त्यात केलेला बदल मूळ सारणीतही उमटतो.

देवनागरी मजकुराबाबत प्रश्न अधिक बिकट होतो, कारण पायथॉन ३ मध्ये (२००८) छेद अक्षरांवर नव्हे, तर युनिकोड संकेतांवर चालतो. ‘मराठी’ या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी असे पाच संकेत असतात. साहजिकच [०:२] या छेदाने ‘मरा’ न मिळता ‘मर’ मिळते. नावे ठराविक लांबीत बसविण्यासाठी असा छेद वापरल्यास नावच बदलते. म्हणून मजकूर प्रथम अक्षरसमूहांत विभागून मगच छेदणे इष्ट ठरते. ‘क्ष’सारखी देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या विभाजन-नियमांत १५.१ या आवृत्तीपासून (२०२३) समाविष्ट झाला.