गोळ्या संपल्या, तरी पोट का कुरकुरतंय?

घसा सुजला, ताप चढला. डॉक्टरांनी तपासलं आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. काही दिवसांत ताप पळाला, घसा मोकळा झाला, गोळ्यांचं पाकीटही रिकामं झालं. पण पोट मात्र अजून गुरगुरतंय! शी पातळ होतेय, जेवणावर वासना नाही. आजार गेला, औषध थांबलं, मग आता हे काय?

उत्तर दडलंय तुमच्या मोठ्या आतड्यात. तिथे जिवाणूंची भलीमोठी वस्ती आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशोब मांडला. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी! या सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन मात्र भरतं जेमतेम २०० ग्रॅम.

हे जिवाणू करतात तरी काय? समजा, तुम्ही ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्लीत. त्यातलं बरंचसं पीठ लहान आतड्यातच पचतं. पण चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचवता येत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि जिवाणू त्यावर ताव मारतात. चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हेच ब्युटिरेट. त्याच्या जोरावर त्या पेशी मीठ आणि पाणी शोषून घेतात, म्हणून शी घट्ट होते.

शिवाय, एसटीतल्या सगळ्या जागा भरल्या की नव्या प्रवाशाला बसायला मिळत नाही ना? तसंच इथेही होतं. चांगल्या जिवाणूंनी जागा अडवलेली असली, की रोगजंतूंना पाय रोवता येत नाहीत.

आता अँटिबायोटिकची गंमत पाहा. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. पेनिसिलिन जिवाणूंना त्यांच्या भोवतीची भिंत बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे त्या सुरक्षित राहतात. किती हुशार औषध! पण पोटातल्या मित्र-जिवाणूंनाही भिंत असते. घशातला शत्रू कोणता आणि आतड्यातला मित्र कोणता, हे औषधाला ओळखता येत नाही. शत्रूबरोबर मित्रही मरतात. मग चोथा आंबवायचं काम मंदावतं, ब्युटिरेट कमी पडतं, पाणी नीट शोषलं जात नाही आणि पोट बिघडतं.

गोळ्या थांबल्या म्हणून वस्ती लगेच पुन्हा भरत नाही. डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १२ धडधाकट माणसांना ४ दिवस तीन जालीम अँटिबायोटिक्स दिली होती. वस्ती जवळजवळ पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. आणि आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या ९ जाती तर १८० दिवसांनंतरही बहुतेकांच्या पोटात सापडल्या नाहीत!

म्हणून काय अँटिबायोटिक वाईट? मुळीच नाही. न्यूमोनियासारख्या आजारातून त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. डॉक्टरांनी दिलं, तर ते सांगतील तितके दिवस घ्यायचंच. मात्र साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तेव्हा घरात उरलेली गोळी आपल्या मनाने घेतली, तर सर्दी जागच्या जागी आणि नुकसान पोटातल्या मित्रांचं!

उरलेल्या मित्रांना पुन्हा वाढायला मदत करायचीय? मग त्यांना खाऊ द्या. भूक परतली की भाकरी, डाळी, उसळी, भाज्या, पेरू, केळी असं वेगवेगळं खा, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. दही-ताकही चांगलं, पण त्यातले बहुतेक जिवाणू पाहुणे असतात, मुक्काम ठोकत नाहीत. काही अँटिबायोटिक्स तर दुधा-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि अंगी लागत नाहीत. म्हणून ती दुधाबरोबर चालतील का, हे आधी विचारा.

पोट फारच बिघडलं, शीतून रक्त पडलं किंवा पुन्हा ताप आला, तर लगेच आई-बाबांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आणि पुढच्या वेळी औषधाची चिठ्ठी हातात आली, की डॉक्टरांना खुशाल विचारा, ‘यात अँटिबायोटिक आहे का? ते कशासाठी दिलंय?’ तुमचं पोट सांभाळायचं, तर हे प्रश्न तुम्हाला विचारता यायलाच हवेत.