समुद्रावरचा तवंग

मुलांनो, आणि मुलांच्या निमित्ताने आलेल्या वडीलधाऱ्यांनो,

आजचा विषय समुद्रात सांडणाऱ्या तेलाचा आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शास्त्र म्हणून जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जड संज्ञा बाजूला ठेवून आपण स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू.

घरी गेल्यावर परातीत पाणी घ्या व त्यात गोड्या तेलाचा एकच थेंब सोडा. तो बुडत नाही, विरघळत नाही. त्याचा तवंग होतो. आता कोंबडीचे एक पीस आणा. कोरड्या पिसावरून पाणी घरंगळून जाते. तेच पीस तेलात बुडवा. तंतू एकमेकांना चिकटतात आणि पाणी आत शिरते. समुद्रपक्ष्याची पिसे म्हणजे त्याची घोंगडी आणि त्याची होडीसुद्धा. पिसांत कोंडलेल्या हवेने तो उबदार राहतो व तरंगतो. तेल लागले की घोंगडी भिजली आणि होडी फुटली. बिचारा चोचीने पिसे साफ करू लागतो, तो तेच तेल पोटात जाते.

हे तेल समुद्रात येते कोठून? कधी जहाज फुटते, कधी नळ फुटतो, तर कधी समुद्राच्या तळाशी खोदलेली विहीरच उसळते. खनिज तेल खडकांच्या बारीक छिद्रांत प्रचंड दाबाखाली असते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली ते सापडले. त्या क्षेत्राला आपण मुंबई हाय म्हणतो. विहीर खोदताना भोकात भारी, दाट चिखल भरून ठेवतात. कुकरच्या झाकणावरची शिटी वाफेला दाबून धरते, तसा हा चिखल खालच्या तेलाला व वायूला दाबून धरतो. पुढे तळाशी सिमेंटचे बूच मारतात. ते पक्के बसले की नाही, हे सगळा चिखल काढण्यापूर्वी तपासावेच लागते.

अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी नेमके येथेच घात झाला. ‘डीपवॉटर होरायझन’ नावाचा तरंगता खोदकाम-तळ तेथे सुमारे १५०० मीटर खोल पाण्यात काम करीत होता. काम मुदतीच्या मागे पडले होते, आणि तळाचे नुसते भाडेच रोज सुमारे ५ लाख डॉलर होते. दाबाच्या चाचणीत बूच गळत असल्याची खूण दिसली. पण तिचा अर्थ सोयीचा लावला गेला. चिखल काढला, वायू उसळला, ठिणगी पडली. विहीर आवळून बंद करणारे समुद्रतळावरचे अवजड यंत्रही ती बंद करू शकले नाही. तळावरच्या १२६ माणसांपैकी ११ कामगार गेले. तळ दोन दिवसांनी बुडाला, आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे ४९ लाख पिंपे तेल बाहेर आले. एका पिंपात १५९ लिटर असतात. गुणाकार तुम्ही करा.

पुढे त्या तेलाचे काय होते? हलका भाग उडून जातो. उरलेले लाटा घुसळतात. त्यात पाणी मिसळून तपकिरी लगदा होतो, आणि शेवटी डांबराच्या गोळ्या किनाऱ्याला लागतात. आखातात दलदलीतल्या गवताची मुळे मेली, तशी तेथली मातीही अधिक वेगाने ढासळू लागली. चोचीखाली झोळी असलेले तपकिरी पेलिकन तेलात माखले. पुढच्या वर्षी बाराटारिया उपसागरातले डॉल्फिन तपासले, तेव्हा अनेकांची फुप्फुसे रोगट निघाली. खोल अंधारातल्या प्रवाळांनाही झळ लागली. मासेमारी बंद ठेवावी लागली, ती निराळीच.

सफाईसाठी तरंगते बांध घातले, काही तेल जाळले, आणि सुमारे ७० लाख लिटर रसायन ओतले. साबणाने तेलकट भांडे निघते, पण तेल नाहीसे होत नाही, मोरीत जाते. तसेच येथे तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोल पसरले. तेल खाणारे सूक्ष्म जंतू समुद्रात असतात व ते पुष्कळ काम करतात. पण त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्यात मासळीची पिल्ले मरतात.

त्याच वर्षी, ७ ऑगस्टला, मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ जहाजातून सुमारे ८०० टन तेल सांडले. आखातापुढे हा आकडा लहान. पण खाडीतल्या तिवरांना तो पुरेसा होता. तिवराची मुळे चिखलातून वर नाक काढून श्वास घेतात. ते नाकच तेलाने बुजते. मासळी घ्यायला लोक कचरू लागले. चूक कोळ्यांची नव्हती, तरी जाळे रिकामे राहिले ते त्यांचे.

आता वडीलधाऱ्यांसाठी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने २०११ साली सांगितले की हा अपघात टाळता आला असता. धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्या तळावर कामगारांना कागदावर होता. परंतु स्फोटाच्या थोडे आधी झालेल्या पाहणीत काही कामगारांनी, धोक्याची खबर दिली तर आपल्यालाच त्रास होईल, अशी भीती बोलून दाखवली होती. आम्हाला सगळ्या हकिगतीत हेच वाक्य सर्वांत जड वाटते. विहिरीच्या तोंडाशी उभ्या माणसाला ‘थांबा’ म्हणता येत नसेल, तर किनाऱ्यावरच्या पक्ष्याला कोण वाचवणार? आमच्या मुंबई हायवरही २७ जुलै २००५ रोजी जहाज तळावर आदळून आग लागली आणि २२ माणसे मेली वा बेपत्ता झाली. समुद्राची राखण आणि कामगाराची राखण ही दोन कामे नव्हेत.

मुलांनो, पावसाळ्यात किनाऱ्यावर काळी, चिकट गोळी दिसली तर हात लावू नका. पण ती कोठून आली, हे मोठ्यांना जरूर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.